जुन्या गाडीतलं शॉर्टसर्किट कसं शोधायचं? फ्यूज, बल्ब आणि मल्टीमीटरची पद्धत, पायरी-पायरीने

फ्यूज बदलला, स्विच ऑन केला, फ्यूज परत उडाला. दुसरा टाकला, तोही उडाला. पंधरा-वीस वर्षं जुनी गाडी असेल तर हा अनुभव तुम्हाला कधी ना कधी येतोच. मग पुढे दोनच गोष्टी होतात. कोणीतरी मोठा फ्यूज टाकून देतं, नाहीतर गाडी इलेक्ट्रिशियनकडे जाते आणि त्याला अख्खं डॅशबोर्ड खोलावं लागतं.

खरं तर शॉर्ट शोधण्यासाठी सगळी वायरिंग डोळ्यांखालून घालायची गरज नसते. एक बल्ब, एक मल्टीमीटर आणि थोडी शिस्त एवढ्यावर बहुतेक शॉर्ट सापडतात. मी सॉफ्टवेअरमध्ये काम करतो, आणि कोडमधला बग शोधायची जी पद्धत आम्ही रोज वापरतो तीच इथे चालते: संशयित भाग अर्धा करा, कोणत्या अर्ध्यात बिघाड आहे ते बघा, मग तो अर्धा परत अर्धा करा. या लेखात ही पद्धत पहिल्यापासून बघू.

## गाडीत शॉर्ट होतो म्हणजे नेमकं काय होतं?

घरात प्रत्येक दिव्याला येणारी आणि जाणारी अशा दोन वायर असतात. गाडीत बहुतेक ठिकाणी एकच वायर जाते. परतीचा रस्ता म्हणजे गाडीची लोखंडी बॉडी. बॅटरीचं निगेटिव्ह टर्मिनल बॉडीला आणि इंजिनला जोडलेलं असतं. त्यामुळे वायर वाचते, वजन वाचतं. पण एक धोका येतो. पॉझिटिव्ह वायरचं प्लॅस्टिक कुठेही घासून उघडं पडलं आणि तांबं बॉडीला टेकलं, की करंटला बल्बमधून जायची गरजच उरत नाही. तो थेट बॅटरीकडे परत जातो.

आता थोडं गणित. समजा पार्किंग लाइटची वायर अर्धा चौरस मिलिमीटर जाडीची आहे आणि बॅटरीपासून तीन मीटरवर ती बॉडीला टेकली. एवढ्या तांब्याचा रोध साधारण ०.१ ओहम. बॅटरी १२.६ व्होल्टची. भागाकार केला तर करंट १०० अँपिअरच्या वर जातो. बॅटरी आणि जोडांचा रोध धरला तरी तो फारसा कमी होत नाही. म्हणजे त्या बारीक वायरमध्ये हजार वॅटच्या आसपास उष्णता तयार होते. घरातल्या इस्त्रीइतकी उष्णता, तीही कार्पेटच्या खाली, प्लॅस्टिकच्या जुडीत.

हे काही सेकंद जरी चाललं तरी वायरचं आवरण वितळतं, शेजारच्या वायरी उघड्या पडतात आणि आग लागू शकते. हे थांबवण्यासाठीच फ्यूज असतो.

## फ्यूज कोणाला वाचवतो?

बऱ्याच जणांना वाटतं की फ्यूज बल्बला किंवा टेपला वाचवतो. मुख्यतः तो वायरला वाचवतो. कंपनीने वायरची जाडी बघून फ्यूजचा आकडा ठरवलेला असतो. पात्यांच्या फ्यूजचे रंग ठरलेले आहेत:

- ५ अँपिअर: फिकट बदामी
- ७.५ अँपिअर: तपकिरी
- १० अँपिअर: लाल
- १५ अँपिअर: निळा
- २० अँपिअर: पिवळा
- २५ अँपिअर: पांढरा किंवा पारदर्शक
- ३० अँपिअर: हिरवा

फियाटच्या जमान्यातल्या युरोपीय धाटणीच्या गाड्यांमध्ये दोन्ही टोकांना निमुळते, चिनी मातीचे किंवा प्लॅस्टिकचे फ्यूज असतात. त्यांचे रंग वेगळे: ५ पिवळा, ८ पांढरा, १६ लाल, २५ निळा. म्हणून नुसत्या रंगावर जाऊ नका, फ्यूजवर छापलेला आकडा वाचा आणि तो फ्यूज बॉक्सच्या झाकणावरच्या तक्त्याशी ताडून बघा. जुनी गाडी विकत घेतली असेल तर हे काम पहिल्या आठवड्यातच करा.

आता १० च्या जागी २० चा फ्यूज टाकला तर काय होतं? वायरमधली उष्णता करंटच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते. करंट दुप्पट झाला की उष्णता चौपट होते. म्हणजे २० चा फ्यूज उडण्याआधी त्या वायरला ठरवलेल्या मर्यादेच्या चौपट उष्णता सोसावी लागते. सिगारेटच्या पाकिटातली चांदी गुंडाळणे किंवा फ्यूजच्या जागी तार टाकणे हा तर कडेलोट झाला. तिथे वायर स्वतःच फ्यूज बनते.

## हा शॉर्टच आहे ना?

गाडीत विजेचा कुठलाही बिघाड झाला की आपण सरसकट "शॉर्ट झालंय" म्हणतो. पण बिघाड चार प्रकारचे असतात आणि प्रत्येकाचा शोध वेगळा असतो.

बॉडीला शॉर्ट. स्विच ऑन करताच, डोळ्याची पापणी लवायच्या आत फ्यूज उडतो. या लेखाचा मुख्य विषय हाच.

ओव्हरलोड. फ्यूज लगेच न उडता काही मिनिटांनी उडतो. वायपरची मोटर जाम झाली असेल, ब्लोअरचं बेअरिंग गेलं असेल, किंवा कोणीतरी जास्त वॅटचे बल्ब बसवले असतील. ५५ वॅटच्या हेडलाइटच्या जागी १०० वॅटचा बल्ब लावला की करंट ४.६ वरून ८.३ अँपिअरवर जातो आणि वायरमधली उष्णता तिपटीहून जास्त होते. इथे वायरिंग चांगली असते, लोड चुकीचा असतो.

खराब अर्थिंग. ब्रेक दाबला की टेल लॅम्प मंद होतात, इंडिकेटर लावला की शेजारचा दिवा पण मिचकावतो. लोकांना वाटतं दोन वायरी चिकटल्या. जुन्या गाडीत बहुतेक वेळा दिव्याच्या अर्थिंगचा स्क्रू गंजलेला असतो आणि करंट दुसऱ्याच बल्बमधून परतीची वाट शोधतो. तपासायला सोपं आहे. दिवा चालू ठेवा, मल्टीमीटर व्होल्टवर ठेवा, एक टोक दिव्याच्या अर्थिंगला आणि दुसरं बॅटरीच्या निगेटिव्हला लावा. ०.२ व्होल्टपेक्षा बरंच जास्त दिसलं तर अर्थिंग घासून साफ करा.

स्विचच्या बाजूचा शॉर्ट. हा गमतीशीर आहे, कारण यात फ्यूज उडतच नाही. अनेक गाड्यांत हॉर्नचं बटण किंवा दरवाजाचा स्विच पॉझिटिव्ह जोडत नाही, तो बॉडीची बाजू जोडतो. अशी वायर बॉडीला टेकली की गाडीला वाटतं बटण दाबलंय. हॉर्न वाजतच राहतो, किंवा दरवाजा बंद असूनही आतला दिवा जळत राहतो.

## काय काय लागेल?

- साधा डिजिटल मल्टीमीटर. काही शे रुपयांचा पण चालतो.
- इंडिकेटरचा २१ वॅटचा बल्ब, होल्डरसकट, आणि त्याला दोन फूट-दोन फूट लांबीच्या दोन वायरी.
- उडालेल्या फ्यूजच्या पात्यांना वायर सोल्डर करून बनवलेला प्लग, किंवा फ्यूजच्या खाचेत बसतील अशा पिना.
- योग्य आकड्याचे चार-पाच फ्यूज.
- १० चा पाना, स्क्रू ड्रायव्हर, टॉर्च.
- गाडीचा वायरिंग डायग्राम. नसेल तर निदान फ्यूज बॉक्सचा तक्ता.

काम सुरू करायच्या आधी अंगठी, कडं, धातूच्या पट्ट्याचं घड्याळ काढून ठेवा. बॅटरी सोडवताना आधी निगेटिव्ह काढायचं आणि जोडताना निगेटिव्ह शेवटी जोडायचं. कारण निगेटिव्ह जोडलेलं असताना पॉझिटिव्हच्या नटावरचा पाना बॉडीला टेकला तर तुम्हीच शॉर्ट तयार करता. पिवळ्या आवरणाच्या वायरी किंवा पिवळे कपलर दिसले तर ते बहुधा एअरबॅगचे असतात. त्यांना मीटरसुद्धा लावू नका.

## पायरी १: फ्यूज नक्की कधी उडतो?

पाना हातात घेण्याआधी हा प्रश्न. इथेच अर्धं काम होतं. एक नवा फ्यूज खर्ची पडला तरी चालेल, पण एका वेळी एकच गोष्ट करा.

१. सगळं बंद, किल्ली काढलेली, तरी उडतो: शॉर्ट फ्यूज ते स्विच या पट्ट्यात आहे.
२. स्विच ऑन केल्यावरच उडतो: शॉर्ट स्विचच्या पुढे आहे.
३. दरवाजा किंवा डिकी उघडताना-लावताना उडतो: बिजागरीजवळची वायर.
४. खड्ड्यातून गेल्यावर किंवा इंजिन हललं की उडतो: सैल जुडी कशाला तरी घासते आहे.
५. फक्त पावसात किंवा गाडी धुतल्यावर: दिव्याच्या होल्डरमध्ये, कपलरमध्ये किंवा फ्यूज बॉक्समध्ये पाणी.
६. रिव्हर्स गिअर टाकल्यावर किंवा ब्रेक दाबल्यावर: त्या-त्या दिव्याची लाइन, आणि नंतर बसवलेला कॅमेरा किंवा सेन्सर असेल तर आधी तो.

हे कागदावर लिहून काढा. इलेक्ट्रिशियनकडे गेलात तरी "कधीकधी उडतो"पेक्षा "डिकी लावली की उडतो" हे वाक्य त्याचे दोन तास वाचवतं.

## पायरी २: फ्यूजच्या जागी बल्ब

ही या लेखातली सगळ्यात कामाची युक्ती. फ्यूज काढा आणि त्याच्या दोन खाचांमध्ये तो २१ वॅटचा बल्ब जोडा. आता सगळा करंट बल्बमधून जातो. वायर कितीही शॉर्ट असली तरी २१ भागिले १२, म्हणजे पावणेदोन अँपिअरपेक्षा जास्त करंट जाऊच शकत नाही. मघाच्या ०.१ ओहमच्या वायरमध्ये हजार वॅटऐवजी आता एक तृतीयांश वॅट उष्णता तयार होते. वायर हाताला गरमसुद्धा लागत नाही आणि तुम्ही तासभर निवांत शोधू शकता. शिवाय दर चाचणीला एक फ्यूज जाळावा लागत नाही.

बल्ब कसा वाचायचा:

- बल्ब पूर्ण तेजाने पेटला: करंट थेट बॉडीत जातोय, म्हणजे शॉर्ट आहे.
- मध्यम किंवा मंद पेटला: त्या लाइनवरचे नेहमीचे दिवे करंट घेतायत.
- पेटलाच नाही: सध्या तरी शॉर्ट नाही.

गोंधळ होतो तो मधल्या अवस्थेत. पार्किंगच्या लाइनवर पाच वॅटचे पाच बल्ब असले तर ती लाइन चांगली असतानाही तुमचा बल्ब बऱ्यापैकी पेटतो. म्हणून आधी त्या लाइनवरचे सगळे बल्ब होल्डरमधून काढून घ्या. आता चाचणीचा बल्ब विझायला हवा. लोड एकही नसताना तो पेटतोय याचा अर्थ एकच.

ही युक्ती दिवे, हॉर्न, वायपर, पॉवर विंडो अशा साध्या लाइनसाठी आहे. इंजिनचा कॉम्प्युटर, एअरबॅग, एबीएस यांच्या फ्यूजच्या जागी बल्ब लावू नका.

## पायरी ३: अर्धं करा, परत अर्धं करा

बल्ब पेटलेला आहे. आता त्या लाइनच्या साधारण मध्यावर असलेला कपलर काढा. बल्ब विझला तर शॉर्ट कपलरच्या पुढे, पेटताच राहिला तर फ्यूज आणि कपलरच्या मध्ये. चांगला अर्धा भाग आता तुमच्या डोक्यातून गेला, तिकडे परत बघायचं नाही.

समजा लाइनवर सोळा संशयित जागा आहेत. एकामागून एक तपासल्या तर सोळा वेळा खोलाखोल. अर्धं करत गेलात तर सोळाचे आठ, आठाचे चार, चाराचे दोन, दोनाचा एक. चार चाचण्यांत काम झालं. पुढून मागे सरळ तपासत जायचा मोह होतो, पण खरा वेळ तिथेच जातो.

फक्त एक सोय बघा. अगदी मध्यावरचा कपलर डॅशबोर्डच्या पोटात असेल आणि थोडा पुढचा मागच्या सीटखाली हाताला येत असेल, तर हाताला येणारा आधी काढा.

शॉर्ट येत-जात असेल तर बल्बकडे बघत जुडी हळूहळू हलवत जा. तुम्ही मागे डिकीत आणि बल्ब पुढे बोनेटमध्ये असेल तर बल्बच्या दोन टोकांना एक १२ व्होल्टचा बझर जोडा. शॉर्ट झाला की मोठ्याने वाजेल.

## एक प्रत्यक्ष उदाहरण: मामांची हॅचबॅक

सांगलीला माझ्या मामांकडे २००२ सालची एक पेट्रोल हॅचबॅक आहे. रात्री घाटात मागून येणाऱ्या एका ट्रकवाल्याने हॉर्न मारून मारून त्यांना थांबवलं तेव्हा कळलं की मागचा एकही दिवा लागत नाहीये. दुसऱ्या दिवशी रस्त्यावरच्या एका गॅरेजमध्ये फ्यूज बदलून मिळाला. मी पुढच्या शनिवारी गेलो तेव्हा फ्यूज बॉक्स उघडला. झाकणावर १०, आत पिवळा २० चा.

मामा म्हणाले, "अरे, त्यानं वीसचा टाकलाय. आता अजिबात उडत नाही. कशाला खोलत बसतोस?"

"मामा, उडत नाहीये हाच तर प्रॉब्लेम आहे. शॉर्ट गेलेला नाही, तो फक्त दिसायचा बंद झालाय. तुम्हाला मागे कसला वास येतो का?"

ते जरा थांबले. "मामी म्हणत होती परवा. प्लॅस्टिक जळाल्यासारखा. मला वाटलं बाहेरचा असेल."

२० चा काढून बल्ब लावला, पार्किंगचे सगळे बल्ब बाहेर काढले, स्विच ऑन. बल्ब पेटला नाही. डिकी उघडीच होती. मी मामांना डिकी लावायला सांगितली, आणि ती बंद होताना शेवटच्या वीतभर अंतरात बल्ब लख्ख पेटला. परत उघडली, विझला. तिसऱ्यांदाही तेच.

मागच्या सीटशेजारचं पॅनेल काढून डिकीकडे जाणारा कपलर सोडवला. आता डिकी कशीही हलवली तरी बल्ब विझलेलाच. म्हणजे पुढची सगळी वायरिंग निर्दोष, शॉर्ट कपलर आणि नंबर प्लेटच्या दिव्याच्या मध्ये. बिजागरीजवळची रबरी नळी सरकवली तर आत पाच वायरी. दोनांचं आवरण तडकलेलं, आणि नंबर प्लेटच्या दिव्याच्या वायरचे तांब्याचे केस बाहेर येऊन बिजागरीच्या पत्र्याला टेकत होते. तिच्या आजूबाजूचं आवरण मऊ होऊन शेजारच्या वायरला चिकटायला लागलं होतं. वीस वर्षं रोज उघडझाप झाली की तांबं थकतं आणि तुटतं, हे अपेक्षितच. पण ते वितळलेलं आवरण पिवळ्या फ्यूजचं काम होतं.

सगळं मिळून दीड तास लागला. त्यातला अर्धा तास पॅनेलच्या क्लिपा न मोडता काढण्यात गेला.

## मल्टीमीटरचा बीप कुठे फसवतो?

"बीप वाजला म्हणजे शॉर्ट" असं व्हिडिओंमध्ये सर्रास सांगतात. बॅटरी सोडवून, मीटर बीपवर ठेवून, वायर आणि बॉडीच्या मध्ये लावायचा. पद्धत बरोबर आहे, पण अर्धीच सांगितलेली आहे.

बहुतेक मीटर काही दहा ओहमच्या खालच्या कुठल्याही रोधाला बीप देतात. ५५ वॅटच्या हेडलाइटचा थंड फिलामेंट एक ओहमपेक्षाही कमी असतो. पेटल्यावर तोच साधारण अडीच-पावणेतीन ओहम होतो, कारण तापल्यावर टंगस्टनचा रोध वाढतो. म्हणजे एकदम धडधाकट बल्ब जोडलेला असला तरी मीटर बीप देणार, आणि तुम्ही चांगली वायर कापत बसणार.

म्हणून बीप वापरायच्या आधी त्या लाइनवरचे बल्ब, मोटर, रिले, सगळं काढा. दुसरी अडचण म्हणजे मीटर अगदी थोडा करंट सोडतो. ओलाव्याने किंवा जळक्या कार्बनने झालेला अर्धवट शॉर्ट त्याला दिसेलच असं नाही. तिथे बल्ब आणि पूर्ण १२ व्होल्ट जास्त भरवशाचे.

## वायर कार्पेटखाली असेल तर

वायर दिसत नाही, कपलर पण मध्ये नाही, अशा वेळी चुंबकसूई कामी येते. करंट वाहणाऱ्या वायरभोवती चुंबकीय क्षेत्र तयार होतं. आपल्या बल्बच्या पावणेदोन अँपिअरला वायरपासून दोन सेंटिमीटरवर ते साधारण १७ मायक्रोटेस्ला भरतं. पृथ्वीचं क्षेत्र आपल्याकडे ४० च्या आसपास. म्हणजे सूई हलायला ते पुरेसं आहे, आणि फोनमधल्या सेन्सरलाही कळतं.

एकाने स्विच ऑन-ऑफ करत राहायचं, दुसऱ्याने सूई किंवा फोन वायरच्या मार्गावर सरकवत न्यायचा. गाडीच्या लोखंडामुळे मूळ आकडा जागोजागी बदलतो, त्यामुळे आकडा बघू नका. स्विचबरोबर तो उडी मारतो का, एवढंच बघा. ज्या जागेनंतर उडी थांबते, तिथे करंट बॉडीत उतरतोय. तेवढंच कार्पेट उचला.

## नेहमीचे संशयित

पद्धतीने शोधायचंच, पण या जागा आधी बघून घेतल्या तर नुकसान नाही:

- नंतर बसवलेल्या वस्तू. टेप, जास्तीचे हॉर्न, फॉग लॅम्प, सेंट्रल लॉक, कॅमेरा. मूळ वायरला सोलून पीळ मारून टेप गुंडाळलेला जोड दिसला की तिथे थांबा.
- उंदीर. गाडी आठवडाभर उभी असली की बोनेटखाली घर करतात. इंजिनवर लेंड्या किंवा गवत-कापूस दिसला तर आजूबाजूच्या सगळ्या वायरी चाचपून बघा.
- दरवाजा आणि डिकीच्या रबरी नळ्या. वरच्या उदाहरणासारखं.
- पत्र्यातून वायर जाते ती भोकं. तिथली रबरी चकती कडक होऊन निसटली की पत्र्याची धार आवरण कापते.
- सीटच्या रुळांखालच्या वायरी. सीट पुढे-मागे केली की चिरडतात.
- दिव्यांचे होल्डर. कोकणात आणि किनाऱ्यालगत तर यांच्यावर हिरवा गंज ठरलेलाच.

## सापडला! आता दुरुस्ती

नुसती टेप गुंडाळून सोडू नका. उन्हात तापलेल्या गाडीत टेपचा गोंद वितळतो आणि सहा महिन्यांत सगळं परत उघडं. खराब भाग कापा, त्याच जाडीची वायर जोडा, जोडाला सोल्डर किंवा क्रिम्प करा आणि वर गरम केल्यावर आवळणारी नळी चढवा. ती नळी जोड करण्याआधी वायरमध्ये ओवायची असते.

मामांच्या गाडीचे जोड आम्ही गावातल्या एका जुन्या ऑटो इलेक्ट्रिशियनकडे करून घेतले. ते काका म्हणाले, "वायर सांधायची ती वळणावर नाही, सरळ जागी." कारण सोल्डर केलेला भाग कडक होतो आणि वाकला की जोडाच्या शेजारीच तुटतो. त्यांनी बिजागरीच्या दोन्ही बाजूंना जोड घेतले आणि मधल्या वळणात सलग नवी वायर ठेवली, थोडी ढिली.

मग जुडीला आवरण, पत्र्याच्या भोकाला नवी रबरी चकती, सगळे बल्ब परत जागेवर, आणि शेवटी झाकणावर लिहिलेल्याच आकड्याचा फ्यूज.

## फ्यूज उडत नाही, पण बॅटरी उतरते

हा शॉर्टचा चुलतभाऊ. गाडी बंद असताना कोणीतरी गुपचूप करंट पितंय. जुन्या गाडीत बंद अवस्थेत ५० मिलिअँपिअरपर्यंत खप ठीक मानतात. त्या हिशोबाने ४५ अँपिअर-अवरची बॅटरी अर्धी व्हायला अठरा-एकोणीस दिवस लागतात. खप ५०० असेल तर दोन दिवसांत.

मोजायला बॅटरीची निगेटिव्ह केबल काढा आणि केबल आणि टर्मिनलच्या मध्ये मीटर जोडा, लाल वायर १० अँपिअरच्या खाचेत. दरवाजे लावून अर्धा तास थांबा, म्हणजे सगळी इलेक्ट्रॉनिक्स झोपेल. मग एक-एक फ्यूज काढत आकडा बघा. जो काढल्यावर आकडा धपकन उतरतो, ती लाइन गुन्हेगार. सगळे फ्यूज काढूनही उतरला नाही तर अल्टरनेटरवर संशय घ्या, कारण त्याची जाड वायर बऱ्याच गाड्यांत या बॉक्समधून जात नाही.

मीटर असा जोडलेला असताना गाडी स्टार्ट करू नका. स्टार्टर शंभरहून जास्त अँपिअर खेचतो. आणि करंटच्या खाचेत वायर असताना मीटर बॅटरीच्या दोन टोकांना थेट लावू नका, कारण तोच एक शॉर्ट आहे.

## कधी हात लावायचा नाही?

स्टार्टर, अल्टरनेटर आणि कित्येक जुन्या गाड्यांत इग्निशन कॉइल यांच्या वायरींना फ्यूजच नसतो. तिथे शॉर्ट झाला तर थांबवणारं काहीच नाही. धूर दिसला तर गाडी बंद करा, सगळ्यांना बाहेर काढा. आग दिसत नसेल आणि हात सुरक्षित पोचत असेल तरच निगेटिव्ह सोडवा; बोनेटच्या फटीतून ज्वाळा दिसत असतील तर बोनेट उघडू नका, लांब व्हा.

सीएनजी किंवा एलपीजी किट असलेल्या गाडीत गॅसचा वास येत असेल तर कुठलाही स्विच, बल्ब, मीटर काही नको. किटवाल्यालाच बोलवा. पेट्रोलच्या वासालाही हाच नियम.

बाकी ठिकाणी बल्ब लावा आणि अर्धं-अर्धं करत जा. आज निदान एवढं तरी करा: फ्यूज बॉक्सचं झाकण उघडा आणि आतल्या प्रत्येक फ्यूजचा आकडा तक्त्याशी ताडून बघा. कुठे लालच्या जागी पिवळा दिसला, तर तुमच्या गाडीत कधीतरी एक शॉर्ट होऊन गेलाय आणि तो कोणीच शोधलेला नाही. शोध तिथूनच सुरू करा.